पद्मिनीला रेडियल टायर घेताय? आधी उंची मोजा

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४, क्रॉसप्लाय. म्हणजे रुंदी ५.२ इंच, रिम १४ इंची. साइडवॉलच्या उंचीचा आकडा त्यात नाहीच, आणि गोंधळ तिथेच होतो. त्या काळच्या क्रॉसप्लायची उंची जवळपास रुंदीइतकीच असे. त्यामुळे पूर्ण चाक ६०० मिलिमीटरच्या थोडं वर जातं.

दुकानात '१४ इंची रेडियल' मागितलं की हाती बहुधा १५५/६५ आर १४ पडतो, वॅगन-आरचा. तो रिमवर चढतो, पण हिशोब करा: १५५ चे ६५ टक्के १०१, त्याची दुप्पट, अधिक रिमचे ३५६. एकूण सुमारे ५५७. १५५/८० आर १४ मात्र ६०४ भरतो. छोट्या टायरवर गाडी २३ मिलिमीटर खाली बसते, आधीच दमलेलं इंजिन जास्त फिरतं, स्पीडोमीटर आठेक टक्के जास्त दाखवतो. आणि चाकाच्या कमानीत भकास पोकळी दिसते!

म्हणून माझं स्पष्ट मत: मूळ रिमवर १५५/८०च. त्याहून रुंद टायरचा मोह टाळा. पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंग करताना खांदे भरून येतील.

जुन्या रिमला ट्यूबलेसची कड नसते, तेव्हा रेडियलला चालणारी ट्यूब टाकाच. चारही टायर एकदम बदला. एका ॲक्सलवर क्रॉसप्लाय आणि रेडियल अशी जोडी कधीच नको. टायरवरचा चार आकडी उत्पादन-कोडही वाचून घ्या: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.