थोडेच तास चालणारा धूर

झाशीजवळ बेतवेच्या काठी पारीछाचं औष्णिक केंद्र आहे. त्याचा कोळशाचा बॉयलर थंड पडलेला असेल, तर वीज मिळायला कित्येक तास लागतात. संध्याकाळी मागणी एकदम चढते तेव्हा तो कामाचा नाही. तेलावरचं इंजिन मात्र काही मिनिटांत पूर्ण भार घेतं. बेळगावात कणबर्गीला टाटा पॉवरचा 81 मेगावॉटचा प्रकल्प होता, तो अशाच मोठ्या डिझेल इंजिनांचा. तेलाची वीज महाग. स्वस्त वीज अपुरी पडली तरच ती घ्यायची, ही सगळीकडची रीत. मग वर्षाकाठी थोडेच तास चालणाऱ्या यंत्राचं प्रदूषण ते किती, असं म्हटलं जातं. मला हे पटत नाही.

सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान दीड हजार अंशांच्या वर जातं. त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जाऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. तेलाला जिथे हवा कमी पडते तिथे काजळी धरते. ज्वाळा निववली तर ऑक्साइड घटतात, पण काजळी वाढते. म्हणून धुराच्या वाटेवर युरियाचा फवारा मारून उत्प्रेरक बसवतात; युरियातून सुटलेला अमोनिया ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन करतो. पण हा उत्प्रेरक दोनशेएक अंशांना तापेपर्यंत नीट काम करत नाही. घटकाभरासाठी सुरू होणाऱ्या इंजिनाचा बराच वेळ या थंडपणातच जातो, आणि तेवढ्या वेळात ऑक्साइड तसेच बाहेर पडतात.

हा धूर सुटतो कुठे, हे त्याहून महत्त्वाचं. ओरछा गेट हा झाशीच्या जुन्या कोटाचा दरवाजा. अशा दाट, जुन्या वस्तीत वीज गेली की दुकानांपुढचे जनरेटर सुरू होतात. तंत्र तेच, पण उंच धुराडं नाही; धूर माणसाच्या नाकाच्या उंचीवर. बुंदेलखंडात थंडीच्या दिवसांत सूर्य मावळला की जमीन झपाट्यानं निवते, तिच्यालगतची गार हवा वर चढत नाही, धूर गल्लीतच साचतो. डिझेलच्या धुरानं माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 मध्ये जाहीर केलं आहे. शहराच्या वार्षिक टनांच्या हिशेबात ही गल्ली उमटतच नाही.

1 जुलै 2023 पासून नव्या जनरेटरना कडक निकष लागले. 75 ते 560 किलोवॉटच्या संचांसाठी कणांची मर्यादा दर युनिटमागे 0.2 ग्रॅमवरून 0.02 ग्रॅमवर आली. दुकानापुढचा, 19 किलोवॉटपर्यंतचा संच मात्र 0.3 ग्रॅमवरच राहिला. माणसांच्या सर्वांत जवळ हाच असतो. निकष आधी त्याचे आवळायला हवे होते.