कुलूप कोणाला, मोकळीक कोणाला?

तुरुंग म्हटले की डोळ्यांपुढे उंच भिंत, गज आणि कुलूप उभे राहते. प्रत्यक्षात तुरुंगातला दिवस सगळ्यांना सारखा नसतो. येरवडा किंवा नागपूरसारख्या मध्यवर्ती कारागृहात सकाळी बराकीचे कुलूप निघते, गिनती होते, चहा-नाश्ता मिळतो आणि दिवस मावळायच्या सुमारास पुन्हा गिनती होऊन कुलूप लागते. मधल्या वेळात शिक्षा झालेले बंदी सुतारकाम, विणकाम, शिवणकाम करतात आणि थोडी मजुरी कमावतात. अतिसुरक्षेच्या ‘अंडा सेल’ कोठडीतल्या बंद्याला मात्र बोलायलाही फारसे कोणी नसते. एकांतकोठडी ही स्वतंत्र शिक्षा आहे आणि तुरुंगाधिकारी ती मर्जीने देऊ शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्यात १९७८ मध्ये बजावले. दुसरे टोक खुल्या कारागृहाचे. पैठणला बंदी शेतात राबतात. जयपूरजवळच्या सांगानेरला ते बायकामुलांसह राहतात, बाहेर काम करून संसार चालवतात आणि ठरलेल्या वेळी हजेरी देतात.

जितका धोका तितके बंधन, हे यामागचे तत्त्व असायला हवे. पण वाटणी तशी होत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि ५,७३,२२० जण कोंडलेले होते. त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे शंभरातले सुमारे ७६, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. खुली कारागृहे मात्र शिक्षा झालेल्यांसाठीच आहेत. त्यामुळे जन्मठेपेचा बंदी चांगल्या वागणुकीच्या बळावर मोकळ्या शेतात उभा राहू शकतो आणि किरकोळ चोरीचा आरोप असलेला, जामिनाचे पैसे नसलेला माणूस खचाखच भरलेल्या बराकीत तारखेची वाट पाहतो. कायदा त्याला कामाची सक्ती करत नाही, कारण तो दोषी ठरलेला नाही. पण काम मागूनही मिळाले नाही, तर याच संरक्षणाचे रिकामे, न संपणारे दिवस होतात.

भिंत नसेल तर कैदी पळून जातील, ही शंका रास्त आहे. पण खुल्या कारागृहात निवड पारखून होते, तिथे शिक्षेत माफी जास्त मिळते आणि नियम मोडणाऱ्याला पुन्हा बंद तुरुंगात जावे लागते. घरची माणसे सोबत असतील तर पळण्यापेक्षा राहण्यातच बंद्याचे हित असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्याचे माणूस गेले, त्याने गुन्हेगाराची मोकळीक का सोसावी? हे दुःख हलके लेखता येणार नाही. तरी शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणे, आणि ते खुल्या कारागृहातही काढून घेतलेलेच असते. बहुतेक बंदी एक दिवस गावात परतणारच आहेत. वर्षानुवर्षे कोंडून अचानक सोडलेल्या माणसापेक्षा टप्प्याटप्प्याने जबाबदारी पेललेला माणूस शेजारी म्हणून अधिक भरवशाचा ठरेल.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांवर विश्वास टाकणारी खुली वसाहत औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवली आणि त्याच प्रयोगावर व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट बेतला होता. आता या विश्वासाची कच्च्या कैद्यांनाही गरज आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. या तरतुदीचा लाभ ज्याला मिळायला हवा त्याला वेळेत मिळावा. जे आत राहतील त्यांना ऐच्छिक काम आणि शिक्षण मिळावे, खुल्या कारागृहांतल्या जागा वाढाव्यात आणि कडक पहारा खरोखर धोकादायक असलेल्यांपुरताच राहावा. कुलपाचे वजन माणसाच्या गरिबीवरून ठरता कामा नये.