राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक

निकाल मनाजोगता लागला म्हणजे परीक्षक आपणांस मोठे रसिक वाटतात. विरुद्ध गेला कीं तेच पक्षपाती ठरतात! १९५४ सालच्या पहिल्या राष्ट्रीय चित्रपट-पारितोषिकांची गोष्ट म्हणूनच विचार करण्यासारखी आहे. १९५३ च्या चित्रपटांत राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें तें आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला केवळ प्रशस्तिपत्र लाभलें. १९५४ सालींच कानच्या महोत्सवांत गौरविलेला चित्रपट स्वदेशीं मागें राहिला!

विनोदासाठीं विख्यात असलेल्या अत्र्यांनीं साने गुरुजींच्या कथेंतील करुण रस पडद्यावर आणावा, हेंही एक आश्चर्यच. मराठी वाचकास या यशाचा अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. परंतु भाषाभिमान म्हणजे रसिकता नव्हे. दोन बिघे जमीन वांचविण्यासाठीं कलकत्त्यांत रिक्षा ओढणारा शंभू ज्यानें पाहिला, त्याला त्या चित्रपटास दुय्यम म्हणवणार नाहीं.

मग निकाल चुकला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. एकानें अन्याय दाखविला. दुसऱ्यानें, अन्यायाची चीड ज्या मनांत उपजते तें मन घडविणारी माता दाखविली. पदक मात्र एकच होतें.

पुढें हा सर्वोच्च मान मराठीस पुन्हा मिळाला तो २००४ सालीं, ‘श्वास’च्या रूपानें. मधलीं पन्नास वर्षें सारेच परीक्षक अरसिक होते, असें आपण म्हणणार काय? त्यापेक्षां दोन्ही चित्रपट घरांतील मुलांना दाखवावे, आणि निकाल त्यांनाच विचारावा.