गाडीची घंटी कोणाच्या कानाला टोचते?

मोटारीच्या सुट्या सामानाच्या कोणत्याही दुकानात जा. मोबाइलच्या स्टँडशेजारी, सुगंधाच्या बाटल्यांच्या खालच्या बाजूला एका डब्यात धातूच्या चपट्या जिभा पडलेल्या दिसतील. सीट बेल्टच्या टोकाला असते तशीच ही जीभ, फक्त तिला बेल्टच नसतो. ती बकलमध्ये खुपसली की गाडीची समजूत होते की माणसाने बेल्ट लावला. घंटी गप्प होते आणि माणूस मोकळाच बसून राहतो. ही जीभ एकदा आम्हीही विकत घेतली होती. कायद्याची पदवी घेतलेल्या, रोज कोर्टात नियमांचा कीस काढणाऱ्या आम्ही ती घेतली, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढचे लिहिताना कोणी आम्हाला उलटतपासणीत पकडायला नको.

आमचे कारण साधे होते. 1 जुलै 2019 पासून देशात तयार होणाऱ्या नव्या मोटारींत चालक आणि त्याच्या शेजारचा प्रवासी या दोघांसाठी बेल्टची आठवण देणारी घंटी सक्तीची झाली. शेजारच्या आसनाच्या गादीखाली वजन ओळखणारे साधन असते आणि बकलच्या आत एक स्विच असतो. वजन आहे आणि स्विच लागलेला नाही, एवढेच गाडीला कळते. ते वजन माणसाचे आहे की दाव्याच्या फायलींचे, हे तिला कळत नाही. एका जमिनीच्या दाव्याची तीस वर्षांची कागदपत्रे बॅगेत भरून आम्ही ती शेजारच्या आसनावर ठेवली आणि जिल्ह्याच्या कोर्टापर्यंत घंटी आमचे डोके खात राहिली. परतताना दुकानात थांबलो, जीभ घेतली, खुपसली. प्रश्न मिटला, असे आम्हाला वाटले.

पुढे सहा महिने ती तेथेच राहिली. बॅग होती तेव्हाही आणि बॅग नव्हती तेव्हाही. आमचे ज्युनिअर त्याच आसनावर बसून कित्येक तारखांना आमच्याबरोबर आले. बेल्ट त्यांनी लावला नाही, घंटी वाजली नाही आणि आम्हालाही आठवण झाली नाही. आम्ही घंटी बॅगेसाठी बंद केली होती, पण ती माणसांसाठीही बंद झाली होती. हे आमच्या लक्षात आले ते आमच्या शहाणपणाने नव्हे. एका ड्रायव्हरने ते लक्षात आणून दिले.

हा तरुण आमच्या कार्यालयात आला, जयभीम केला आणि मोबाइलवरचे ई-चलान पुढे ठेवले. तालुक्यातल्या एका बड्या व्यापाऱ्याची गाडी तो चालवतो. चलान बेल्टचे होते. त्याने स्वतः बेल्ट लावलेला होता, शेजारी बसलेल्या शेठच्या चिरंजीवांनी लावलेला नव्हता. चलान गाडीच्या नावावर, म्हणजे शेठच्या मोबाइलवर आले आणि शेठने ती रक्कम ड्रायव्हरच्या पगारातून कापली. "वकीलसाहेब, बसणारा तो, दंड मला. हा कुठला कायदा?" असे त्याने विचारले.

दुर्दैवाने हा कायदाच आहे, निदान दंडापुरता. मोटार वाहन कायद्यात 2019 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातले कलम 194 ब म्हणते की जो बेल्ट न लावता वाहन चालवील किंवा बेल्ट न लावलेले प्रवासी वाहून नेईल, त्याला एक हजार रुपये दंड. वाहून नेतो कोण? चालक. त्याच्या शेजारी वा मागे आरामात बसलेल्या प्रौढ, सुशिक्षित, गाडीच्या मालकाला या कलमात स्वतंत्र जागा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 138 वाचला तर पुढे तोंड करून असलेल्या मागच्या आसनांवरच्या प्रवाशांनीही बेल्ट लावला पाहिजे, पण ते लावले आहेत हे पाहण्याची जबाबदारी मात्र चालकाच्या गळ्यात. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घरची गाडी स्वतः चालवणारा कुटुंबप्रमुख असावा. तो मुलांना दटावू शकतो. पण आपल्या समाजातली किती माणसे गाडी चालवतात ती स्वतःची? आणि किती दुसऱ्याची? पोट दुसऱ्याच्या स्टिअरिंगवर असलेल्या माणसाने मालकाला "बेल्ट लावा" असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आम्ही त्याला विचारले, गाडीत घंटी नाही का? तो हसला. म्हणाला, "होती की. तीच तर सांगायची त्यांना. मला बोलायची गरज नव्हती. छोट्या शेठनं क्लिप आणली आणि म्हणाले, घाल रे ही."

त्याचे हे वाक्य ऐकून आम्ही चरकलो. ती घंटी त्याच्या वतीने बोलत होती. नोकराने मालकाला जे सांगायचे नसते ते गाडी सांगत होती, आणि गाडीवर कोणी डोळे वटारू शकत नाही. मालक असो, नोकर असो, आमदार असो, ज्युनिअर वकील असो, घंटी सगळ्यांना एकाच आवाजात टोकते. या देशात असा समान व्यवहार फार थोडी यंत्रे करतात. नेमका तोच आवाज बंद करण्याचा हुकूम निघतो आणि क्लिप खुपसणारा हातही नोकराचाच असतो.

आता या हाताचे पुढे काय होते ते पाहा. गाडीत परवानगीविना फेरफार करणाऱ्या मालकाला कलम 182 अ मध्ये प्रत्येक फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. बकलमधली क्लिप हा फेरफार ठरतो की नाही यावर वाद घालता येईल आणि आमच्यासारखे वकील तो घालतीलही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट कामगाराच्या नुकसानभरपाईची आहे. 1923 सालापासून कामगार भरपाईच्या कायद्यात एक अपवाद चालत आला आहे. सुरक्षेसाठी दिलेले साधन कामगाराने जाणूनबुजून काढले किंवा त्याकडे दुर्लक्ष केले आणि त्यामुळे त्याला दुखापत झाली, तर मालक भरपाईला बांधील नाही. मृत्यू आणि कायमचे पूर्ण अपंगत्व यांना हा अपवाद लागू नाही, पण मोडलेला पाय, फुटलेला जबडा, चार महिन्यांचे अंथरूण यांना तो लावता येतो. म्हणजे हुकूम शेठच्या चिरंजीवांचा, हात ड्रायव्हरचा, आणि उद्या अपघात झाला तर "सुरक्षासाधन याने स्वतः निकामी केले" असे लेखी म्हणणे मालकाच्या वकिलाने दाखल केले की तोंडी हुकमाचा पुरावा कोठून आणायचा? साक्षीदार एकच, आणि तो चिरंजीव.

मोटार अपघात न्यायाधिकरणापुढेही हेच. विमा कंपनीचा वकील पंचनामा बारकाईने वाचतो. बकलमध्ये क्लिप सापडल्याची एक ओळ तेथे असली की अंशदायी निष्काळजीपणाचा, म्हणजे मेलेल्याचाही थोडा दोष असल्याचा मुद्दा त्याच्या हाती लागतो. मग विधवेच्या हाती पडणाऱ्या रकमेतून किती टक्के कापायचे यावर तासभर युक्तिवाद चालतो. दुकानात ती क्लिप किरकोळ किमतीला मिळते. तिची खरी किंमत त्या तासाभरात ठरते.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, गाडीत एअरबॅग आहे ना! हा समज आमच्याही मनात होता. एअरबॅग ही बेल्टला पूरक म्हणून केलेली आहे, बेल्टच्या जागी नव्हे. टक्कर झाली की डोळ्याचे पाते लवायच्या आत ती प्रचंड वेगाने फुगते. बेल्टने मागे धरून ठेवलेल्या माणसाला ती उशीसारखी मिळते, आणि मोकळा माणूस पुढे फेकला जात असताना ती त्याच्या तोंडावर आदळते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीला धडकली तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा धक्का सुमारे 14 मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून उडी मारताना हाताने दांडी धरून स्वतःला सावरीन असे कोणी म्हणत नाही. गाडीत मात्र लोक छातीठोकपणे म्हणतात.

मागे बसणाऱ्याला तर आपण सुरक्षितच आहोत असे वाटते. 4 सप्टेंबर 2022 रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अहमदाबादहून मुंबईला येत असताना पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. गाडी जगातल्या उत्तम गाड्यांपैकी एक. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असे पोलीस तपासात पुढे आले. ते दोघेही दगावले, पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. त्यानंतर सरकार खडबडून जागे झाले. मागच्या आसनांसाठीही घंटीचा मसुदा निघाला, मुंबई पोलिसांनी नोव्हेंबर 2022 पासून सर्व प्रवाशांना बेल्ट बंधनकारक केला, आणि बाजारात उघड विकल्या जाणाऱ्या या क्लिपांकडे प्रथमच दिल्लीची नजर गेली. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि 13,118 जाहिराती उतरवल्या गेल्या. यातल्या काही क्लिपा बाटलीचे झाकण उघडण्याचे साधन म्हणून विकल्या जात होत्या, हेही तेव्हा उघड झाले.

प्राधिकरणाने त्या वेळी जो आकडा दिला तो परिवहन मंत्रालयाच्या अहवालातला होता. 2021 या एका वर्षात बेल्ट न लावल्यामुळे देशात 16,397 माणसे मेली. त्यांत 8,438 चालक होते आणि 7,959 प्रवासी. एका उद्योगपतीच्या मृत्यूने जे हलले ते या सोळा हजारांनी का हलले नाही, हा प्रश्न आम्ही विचारणारच. त्यातले चालक किती स्वतःच्या गाडीत मेले आणि किती मालकाच्या, याचा रकाना त्या आकड्यांत नाही.

घंटीचा तिटकारा ही काही आपल्याच देशाची मिरासदारी नाही. अमेरिकेत मोटार कंपन्यांना कायद्याच्या चौकटीत आणले ते राल्फ नेडर या वकिलाने. त्याचे पुस्तक 1965 साली निघाले आणि पुढच्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा झाला. पुढे 1974 च्या नव्या गाड्यांना तेथे अशी कळ बसवली गेली की पुढच्या माणसांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. लोक खवळले. आसनावर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसायची, अगदी आमच्या फायलींसारखे. खासदारांकडे तक्रारींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेने ती कळ सक्तीची करण्यास मनाई केली. एवढ्यावर थांबले असते तरी समजण्यासारखे होते. पण घंटीची सक्तीही आठ सेकंदांच्या पुढे करता येणार नाही असे त्याच कायद्यात घातले, आणि हे बंधन 2012 पर्यंत टिकले. मतदाराच्या कानाला त्रास नको म्हणून जवळपास चार दशके!

मात्र त्या लोकांची तक्रार सगळीच खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पिशवी आणि माणूस यांतला फरक न कळणारे यंत्र माणसाला चिडवते, आणि चिडलेला माणूस ते बंद पाडण्याची युक्ती शोधतो. पण त्यावर उपाय क्लिप हा नव्हे. वजनदार सामान आसनावर न ठेवता खाली किंवा डिकीत ठेवावे. रिकामे आसन असूनही घंटी वाजत असेल तर बकल वा गादीखालचे साधन बिघडले आहे, ते दाखवून घ्यावे. आसनाखालच्या वायरींना स्वतः हात लावू नये, कारण बऱ्याच गाड्यांत एअरबॅगच्या वायरी त्याच जुडग्यात असतात आणि एक जोड निसटला तर एअरबॅगच बंद पडू शकते.

आणि ज्या गाड्यांत बेल्टच नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. 14 ऑक्टोबरला नागपूरला, 6 डिसेंबरला मुंबईला आपली माणसे ज्या जुन्या जीपांतून आणि टेम्पोंतून दाटीवाटीने जातात, त्यांत घंटी नसते, कारण वाजवायला काही नसते. भाड्याची गाडी ठरवताना आपण दर विचारतो, टेप आहे का विचारतो, बेल्ट किती आहेत हे कोणी विचारत नाही. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो पुन्हा कधी.

त्या ड्रायव्हरच्या बाबतीत आम्ही शेठला नोटीस पाठवली. पगारातून कापलेली रक्कम परत करावी आणि गाडीतील क्लिप काढावी, अशा दोन मागण्या केल्या. नोटीस पाठवण्यापूर्वी त्याला दहा वेळा विचारले, नोकरी जाईल, चालेल का? तो म्हणाला, क्लिपेचं तेवढं लिहाच. उत्तर आले ते एका ज्येष्ठ वकिलामार्फत. रक्कम परत करण्याचे त्यांनी मान्य केले. क्लिपेबाबत मात्र, "अशी कोणतीही वस्तू आमच्या अशिलाने कधीही विकत घेतलेली वा बसविण्यास सांगितलेली नाही", असे एक वाक्य आहे. ते उत्तर आम्ही त्या ड्रायव्हरला जपून ठेवायला सांगितले आहे आणि क्लिप शेठच्या वकिलाच्या पत्राचा हवाला देऊन काढून टाकायलाही. त्याने ती काढली. परवा फोनवर बोलताना मागे घंटी ऐकू येत होती. गाडी उभी आहे ना, असे आम्ही आधी विचारून घेतले. उभी होती. चिरंजीव येऊन बसले होते.