बुजरा घोडा आणि मैदानाचें दार

घोडा हा मनुष्याचा फार जुना सोबती आहे. परभणी जिल्ह्यांत आज घरोघरीं घोडा दिसत नाहीं, हें खरें. तरी लग्नाच्या वरातींत, शेजारच्या नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेंत, अथवा शेगांवाहून पंढरपुरास निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी परभणी व गंगाखेड या वाटेनें जाते तेव्हां, आपल्या विद्यार्थ्यांस घोडे पाहावयास मिळतात. वाजंत्री सुरू होऊन गर्दी दाटली, कीं एखादा घोडा कान टवकारतो, मागें सरतो, प्रसंगीं दोन पायांवर उभा राहतो. मालक चाबूक उगारतो, आणि पाहणारे म्हणतात, “घोडा खोडकर आहे.” हें म्हणणें कितपत खरें, आणि अशा घोड्यास शांतपणें मैदानांत कसें न्यावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम घोड्याचा स्वभाव पाहूं. घोडा गवतावर जगणारा व कळपानें राहणारा प्राणी आहे. वाघ-लांडग्यांपासून जीव वांचविण्यास त्याला शिंगें नाहींत. पळणें हाच त्याचा मुख्य उपाय. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें मान न वळवितां त्यास सभोंवारचें सुमारें ३५० अंश दिसतें. मात्र कपाळाच्या अगदीं पुढची व शेपटीच्या मागची जागा त्यास दिसत नाहीं. म्हणूनच घोड्याच्या पाठीमागून जाऊं नये, असें वडील मंडळी मुलांस बजावीत असतात. उजेडांतून सावलींत किंवा सावलींतून उजेडांत येतांना त्याची दृष्टि स्थिर होण्यास आपल्यापेक्षां अधिक वेळ लागतो. त्याचे दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांस फिरूं शकतात. आपणांस जें वाऱ्यानें फडफडणारें तोरण वाटतें, तेंच त्यास दडून बसलेल्या शत्रूची हालचाल वाटते. आधीं पळावें आणि मग पाहावें, ही त्याची उपजत रीत आहे. तीस खोडी म्हणणें न्यायाचें नव्हे.

दुसरी गोष्ट त्याच्या स्मरणशक्तीची. एका ठिकाणीं जें सुख किंवा दुःख भोगलें, तें घोडा त्या ठिकाणाशीं जोडून ठेवतो. अमेरिकेंत पिंपांची एक शर्यत असते. मैदानांत तीन पिंपें त्रिकोणांत ठेवितात. स्वार भरधाव आंत शिरतो, तिन्ही पिंपांभोंवतीं वळसे घेतो आणि तसाच दाराकडे परततो. कमी वेळ लागेल तो जिंकतो. पिंप पडलें तर वेळेंत ५ सेकंद मिळवितात. १९४८ सालीं टेक्सास संस्थानांतील स्त्रियांनीं आपला स्वतंत्र संघ स्थापिला, आणि पुढें ही शर्यत विशेषतः स्त्रियांची म्हणून नांवारूपास आली. या शर्यतींतले कित्येक चांगले घोडे आंत धांवतांना चुकत नाहींत. अडतात ते दाराशीं! दार दिसतांच ते घामानें भिजतात, नाचतात, उलटे फिरतात. कारण उघड आहे. दारांतून आंत जाणें म्हणजे टाच, चाबूक, आरोळ्या आणि छाती फुटेपर्यंत धांव, एवढेंच त्यांच्या अनुभवास आलेलें असतें. मग त्या दारानें त्यांस आनंद कसा व्हावा?

यावरून उपायही सुचतो. दाराशीं झुंजण्यापेक्षां दाराचा अर्थ बदलावयाचा. परंतु त्यापूर्वीं एक तपासणी अवश्य करावी. घोड्यास कोठें दुखत तर नाहीं? दाढांच्या कडा धारदार होऊन गाल सोलतात, तेव्हां लगाम ओढतांच वेदना होतात. न बसणारें खोगीर पाठ दुखवितें. घोड्याच्या जठरांत आम्ल सतत पाझरत असतें. उपाशी पोटीं फार वेळ ठेवून धांवडविल्यास तेथें व्रण पडतात, आणि शर्यतीच्या घोड्यांत हा विकार पुष्कळ आढळतो. म्हणून कामापूर्वीं थोडी वैरण द्यावी आणि शंका येतांच पशुवैद्यास दाखवावें. परभणीस तर पशुवैद्यकाचें महाविद्यालयच आहे. दुखण्यावर शिकवण हें औषध होत नाहीं.

शरीर निरोगी असेल तर शिकवणीस लागावें. हें काम यात्रेच्या दिवशीं करावयाचें नसून कित्येक आठवडे आधीं, रिकाम्या मैदानांत, करावयाचें असतें. घोड्यास हातीं धरून दाराकडे चालवावें. जेथें तो प्रथम कान ताठ करून थबकेल, तेथेंच आपणही थांबावें. ओढूं नये, मारूंही नये. त्यानें मान खालीं केली, ओठ चाटले किंवा दीर्घ श्वास सोडला, कीं दोरी सैल सोडून त्यास मागें वळवावें. दुसऱ्या खेपेस तो आपण होऊन दोन पावलें पुढें येतो. दाब नेमका कोणत्या क्षणीं सुटतो, यावरून घोडा शिकतो; तो क्षण चुकला तर धडाही चुकतो.

मग दारांतून आंत न्यावें तें चालीनें, आणि चालीनेंच बाहेर आणावें. मेहनतीचीं वर्तुळें दाराबाहेर घ्यावींत, आणि विसावा, खरारा व मूठभर चारा मैदानाच्या आंत द्यावा. असें नित्य केल्यास मैदान ही विश्रांतीची जागा, असें त्याच्या मनांत ठसतें. पूर्ण वेगाची धांव क्वचितच घ्यावी. दहा वेळां आंत जाऊन नुसतें उभें राहावें, तेव्हां एकदां धांवावें. बरोबर एखादा पोक्त, शांत घोडा असल्यास फार उत्तम; कळपांतील सोबत्याची निर्भयता तो पाहून घेतो.

आवाजाचेंही असेंच. ढोल प्रथम दूर, हळू वाजवावा, तोही घोडा वैरण खात असतांना. तो खात राहिला तर दुसऱ्या दिवशीं थोडा जवळ आणावा. खाणें थांबलें तर मागें न्यावा. विसाव्यांतील घोड्याची नाडी मिनिटास साधारणतः ३० ते ४० असते. ती जबड्याखालीं बोटांनीं लागते. घरीं व दाराशीं दोन्हीकडे मोजल्यास भय कमी होत आहे कीं नाहीं, हें अनुमानानें नव्हे तर आंकड्यांनीं कळतें.

शेवटचा शिष्य मात्र घोडा नव्हे, स्वार होय. स्वीडन देशांत एक सुंदर प्रयोग झाला व तो २००९ सालीं प्रसिद्ध झाला. माणसांनीं घोड्यांस ठराविक अंतरावरून कांहीं वेळां नेलें. शेवटच्या खेपेपूर्वीं त्यांस सांगण्यांत आलें, कीं आतां घोड्याजवळ एकाएकीं छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाहीं! तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याबरोबर घोड्याचेही वाढले. स्वाराची आवळलेली मूठ आणि रोंखलेला श्वास घोड्यास सर्व कांहीं सांगून जातात. म्हणून त्या दिवशीं लवकर पोहोंचावें, घोड्यास जागा हिंडून दाखवावी, लगाम मऊ धरावा व श्वास मोकळा सोडावा. इतकें करूनही तो थरथरतच असेल, तर त्यास परत न्यावें. एका शर्यतीपेक्षां घोड्याचा विश्वास आणि भोंवतालच्या मुलांचे जीव अधिक मोलाचे आहेत.

आपल्या महाराष्ट्रांत या गोष्टीचें मोठें उदाहरण आषाढी वारींत पाहावयास मिळतें. श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढें बेळगांव जिल्ह्यांतील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा अश्व, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील पुरंदावडे येथें गोल रिंगण लागतें, तेव्हां टाळ-मृदंगांच्या गजरांत, अफाट जनसमुदायाच्या मधून हे अश्व धांवतात. हें पाहून नवल वाटतें. परंतु त्या दिवसापूर्वीं आळंदीपासून ते त्याच गर्दींत, तोच टाळ ऐकत, एकमेकांच्या सोबतीनें पाऊल-पाऊल चालत आलेले असतात, हें आपण विसरतों. जी गर्दी इतर घोड्यांस शत्रूसारखी वाटेल, ती त्यांच्या रोजच्या परिचयाची झालेली असते.

सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं ग्रीस देशांतील झेनोफन या सेनानीनें अश्वविद्येवर एक ग्रंथ लिहिला. घोड्याशीं रागानें कधीं वागूं नये, आणि तो ज्या वस्तूस भितो तिच्याजवळ नेतांना त्यास मारल्यास भय दुणावतें, कारण मार त्या वस्तूमुळेंच बसला असें त्यास वाटतें, असा त्याचा अभिप्राय आहे. आजच्या शास्त्राचेंही तेंच सांगणें आहे.

परीक्षेच्या दालनाशीं येऊन ज्याचे हातपाय गार पडतात, असा विद्यार्थी आपल्यांत विरळा नाहीं. त्याचें भयही बहुधा शिकलेलें असतें, आणि जें शिकलें जातें तें हळूहळू विसरवितांही येतें. तेथें मुलानें रोज थोडा सराव करावा, आणि पालकांनीं आपली मूठ सैल ठेवावी. दारापर्यंतचा रस्ता दोघांनीं मिळून चालावयाचा असतो.