‘कोणाबरोबर जेवलीस?’ असे विचारा



बारावीचे निकाल लागतात, प्रवेशाच्या याद्या लागतात आणि खरिपाच्या धांदलीतच आपल्या घरी बॅग भरायला घेतली जाते. पोर पुण्याला शिकायला निघालेले असते. फीची जुळवाजुळव होते, खोलीचे भाडे ठरते, चिवड्या-लाडवांचे डबे भरले जातात. एका गोष्टीची तयारी मात्र बहुतेक घरांत राहून जाते. तिथे पोराला आपले माणूस कोण?

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. माझ्याकडच्या गावांपैकी एका गावातली मुलगी अभियांत्रिकीला पुण्यास गेली. गावच्या शाळेत पहिली आलेली. बाविसाव्या दिवशी बॅगेसह एस.टी.तून उतरली. मी सोयाबीन पाहायला त्यांच्या रानात गेलो, तेव्हा वडील म्हणाले, “साहेब, पाण्यात पडल्यावर पोहायला येतं म्हणतात. हिला नाही आलं. आता पैसे कशाला घालायचे?”

मी विचारले, “तुम्ही पोहायला कसे शिकलात?”

“विहिरीत. थोरल्या चुलतभावानं पाठीला डबा बांधला आणि आधी स्वतः उडी टाकली.”

“मग पोरीच्या आधी उडी टाकलेलं तिथं कोण होतं?”

ते गप्प झाले.

संध्याकाळी मुलीशी बोललो. अभ्यास अवघड होताच, पण खरे दुखणे वेगळे होते. बोलताना गावाकडचा शब्द आला म्हणून वर्गात कोणी हसले. त्या दिवसापासून तिने बोलणेच बंद केले. मेसमधली गर्दी ओसरल्यावर ती एकटी जेवायला जाई. कधी बिस्किटावर रात्र काढी. घरून फोन आला की मात्र सांगे, “बरं आहे. जेवले.” आई म्हणाली, “अगं, खरं का नाही सांगितलंस?” पोरगी म्हणाली, “तुम्ही कर्ज काढून पाठवलंत. काय तोंडानं सांगू?”

सुदैवाने पलीकडच्या गावची एक मुलगी त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. तिला फोन केला. रविवारी ती स्वारगेटला घ्यायला आली. महिनाभर रोज रात्री तिने हिला शेजारी बसवून जेवायला लावले, आपल्या जुन्या वह्या दिल्या आणि सांगितले, “पहिल्या वर्षी माझंही गणित राहिलं होतं.” या एका वाक्याने पोरीच्या जिवात जीव आला. तिचाही एक विषय राहिला, नंतर सुटला. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे, आणि यंदा आपल्या तालुक्यातल्या नव्या मुलीला घ्यायला तीच स्वारगेटवर गेली होती.

मास्तरांपेक्षा सोबती का?

मी १९८८ साली शेतकी कॉलेजात गेलो, तेव्हा फळ्यावर ‘रस्ट’ असे लिहिले गेले की माझ्या छातीत धडकी भरे. खोलीतल्या वरच्या वर्गातल्या मुलाने सांगितले, “अरे, हा तर आपला तांबेरा!” तांबेरा मी लहानपणापासून गव्हावर पाहत आलो होतो. प्राध्यापक चांगले होते, पण मी नेमका कुठे अडखळतो हे त्यांना दिसत नव्हते. काल त्याच दगडाला ठेचाळलेल्याला मात्र दगडाची जागा बरोबर ठाऊक असते.

ही वाट आपल्या वाडवडिलांनीच घालून दिली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली आणली. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. १९५५ साली पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातल्या गरीब मुलांना तिने निवारा दिला. या ठिकाणी मुलांना छप्पर मिळाले, तसे एकमेकांना धरून राहण्याचे वळणही लागले.

आता आपण काय करावे?

एक : गावातली, शेजारच्या गावांतली कोणती मुले कोणत्या शहरात शिकतात, याची वही करा. ती शाळेच्या मुख्याध्यापकांकडे ठेवा. नाव-नंबर त्या मुलांना विचारूनच लिहा. मुलींचे नंबर चावडीवर लावू नका.

दोन : दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी आली की बारावीच्या मुलांना त्यांच्याजवळ बसवा. खर्च किती, मेस कशी, ‘कमवा व शिका’त काम कसे मिळते, हे त्यांच्याच तोंडून कळू द्या. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिच्या त्या वर्षीच्या अटी पाहा. आधी अर्ज केलेला मुलगा कागदपत्रे बरोबर सांगेल.

तीन : फोनवर ‘जेवलीस का?’ विचारले की ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘कोणाबरोबर जेवलीस?’ असे विचारा. उत्तरात एखादे नाव आले तर निश्चिंत व्हा. आठवडाभर एकही नाव आले नाही, तर एखादी खेप टाका, भेटून या.

चार : कर्जाची आठवण फोनवर काढू नका. नापासाची बातमीही घरी सांगता येते, एवढा भरवसा पोराला द्या.

एक सावधगिरीही सांगतो. वरच्या वर्गातला मुलगा सोबतीच्या नावाखाली दमदाटी करू लागला, कामे सांगू लागला, पैसे मागू लागला, तर ती सोबत नव्हे, रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. ताबडतोब प्राचार्यांकडे तक्रार करा.

आणि सोबत्यालाही मर्यादा असते. पोर झोपत नसेल, खात नसेल, जगण्यात राम नाही असे बोलत असेल, तर ते मनाचे दुखणे आहे. सोबत्याने ते पोटात न ठेवता घरी आणि कॉलेजात कळवावे. १४४१६ हा सरकारी ‘टेलि-मानस’चा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो. डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. बैल चारा सोडतो तेव्हा आपण दुसरा दिवस उजाडायची वाट पाहत नाही, मग पोराच्या बाबतीत का पाहावी?

भाताची लावणी करताना आपण एका चुडात दोन-तीन रोपे लावतो. नव्या चिखलात एकटे रोप सोडत नाही. पोरालाही एकटे सोडू नका. आणि आपले पोर तिथे रुजले की त्याला एवढेच सांगा : “पुढच्या जूनमध्ये गावातलं कोणी आलं, तर तू स्टँडवर जा.”