रहस्यकथेचा वाचक आणि एकवचन

बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांच्या रहस्यकथांचे चाहते आपली आवड सांगताना जी वाक्यरचना योजतात, ती भाषाभ्यासकाने उपेक्षू नये. ‘आम्ही खांडेकर वाचले’ यात लेखकाचे नाव ग्रंथांच्या जागी येते व क्रियापद आदरार्थी बहुवचनात राहते. अर्नाळकरांच्या बाबतीत मात्र ‘झुंजार वाचला’, ‘काळापहाड वाचला’ असेही म्हटले जाते: ग्रंथाच्या जागी नायक, आणि तोही एकवचनी. यात ‘हलक्या वाङ्मया’विषयीची तुच्छता पाहणे आम्हांस चुकीचे वाटते. आई व देव यांनाही आपण एकेरीच हाक मारतो. हे एकवचन सलगीचे आहे. शिवाय त्यात श्लेषही सापडतो. ‘वाचणे’ म्हणजे पठण करणे, तसेच प्राणसंकटातून सुटणे. ‘मी’ हा कर्ता गाळला की पुस्तक संपले की नायक बचावला, हे ऐकणाऱ्यास उमगत नाही. त्या कथांत बहुधा दोन्ही गोष्टी एकाच पानावर घडत!